देवाची राई आणि मुलांचे हात

(बेळगुंदी येथील महाजन-मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



बेळगुंदीच्या शिवारात वाढलेले आठ-नऊ वर्षांचे पोर पहिल्या पावसानंतर अळंबी कोठे उगवेल हे सहसा चुकत नाही. रताळ्याचा वेल लावताना किती पेरे मातीत दाबावयाचे, खाचरात साचलेले पाणी कोणत्या बाजूने फोडावयाचे, गाईच्या तोंडी कोणता पाला लागू द्यावयाचा नाही, हे त्याला कोणी फळ्यावर लिहून शिकविलेले नसते. तेच पोर शाळेत जाते आणि ‘पर्यावरण म्हणजे काय?’ असा प्रश्न विचारला गेला की मान खाली घालून उभे राहते. वहीवर लाल रेघ ओढली जाते. हळूहळू त्याची समजूत होते की, घरी जे कळते ते ज्ञान नव्हे आणि शाळेत जे ज्ञान म्हणून सांगतात ते आपल्याला कळण्यासारखे नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय ही विसंगती आहे. गरीब वस्तीतील मुलांना निसर्गाचे शिक्षण द्यावयाचे तर ते त्यांच्या अज्ञानापासून सुरू करावयाचे, की त्यांच्या हातांना जे आधीच ठाऊक आहे त्यापासून?

गोव्यातून घाट चढून आलेल्या जुन्या पिढीला पणजीच्या लिसेवचे नाव परिचित असेल. १८५४ साली स्थापन झालेल्या त्या विद्यालयाचे नाव मुळात अथेन्समधील ॲरिस्टॉटलच्या विद्यापीठावरून आले. तेथे गुरु-शिष्य फिरता फिरता चर्चा करीत, असे परंपरा सांगते. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने वनस्पतींवर जे ग्रंथ लिहिले ते आजही वनस्पतिशास्त्राच्या आरंभीचे मानले जातात. पुढे नाव तेवढे टिकले. चालणे थांबले आणि बाके आली. जे लिसेवचे झाले तेच बहुतेक शाळांचे झाले आहे. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचा निर्देश दिला. तो निर्णय स्वागतार्हच होता. परंतु विषय पुस्तकात आला म्हणून तो मुलांच्या हातात आला, असे होत नाही.

तो हातात कसा येतो, हे महाराष्ट्रात दोन स्त्रियांनी फार पूर्वीच करून दाखविले आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केले. मारिया मॉन्टेसरी यांची पद्धती त्यांनी मनापासून अभ्यासिली होती. त्या पद्धतीचा जन्मही गरीब वस्तीतच झाला होता. मॉन्टेसरींचे पहिले बालगृह १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या श्रमिकांच्या वस्तीत उघडले. परंतु भारतात पोहोचेपर्यंत तिची साधने महाग झाली आणि ती संपन्न घरांतील मुलांपुरती उरते की काय, अशी स्थिती आली. ताराबाईंनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. बालपणीच विवाह आणि काही महिन्यांत वैधव्य आलेल्या या स्त्रीने स्वतःचे शिक्षण कष्टाने पूर्ण केले होते. १९५७ साली कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले. तो भाग आज पालघर जिल्ह्यात मोडतो.

तेथे पहिली अडचण अशी की, मुले शाळेत येतच नसत. धाकटी भावंडे सांभाळणे, सरपण वेचणे, गुरे राखणे ही त्यांची नित्याची कामे. शाळेच्या घंटेसाठी ती टाकली तर घरची चूल अडणार. कोणी म्हणाले असते की, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. या दोघींनी ते म्हटले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले. वस्तीच्या अंगणात शाळा भरली, ती अंगणवाडी. गुरे चरतात त्या माळावर शिक्षक गेले, ती कुरणशाळा. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, काटक्या आणि पाने आली. बियांनी मोजणी शिकविता आली, पानांच्या कडा पाहून आकार ओळखविता आले, खड्यांनी हलके-जड समजाविता आले. गुरे चरत राहिली आणि शिक्षणही चालू राहिले. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशाच्या कानाकोपऱ्यात गेला. कुरणशाळेच्या वाट्याला मात्र तशी प्रसिद्धी आली नाही. वास्तविक निसर्गशिक्षणाचे मर्म तिच्यातच आहे. त्या मुलांना निसर्ग दाखवावा लागला नाही. ती निसर्गातच होती. त्यांना जे ठाऊक होते त्याला शब्द, संख्या आणि मान देणे, एवढेच शिक्षकाचे कार्य होते.

हाच विचार पाश्चात्त्य जगातही एका थोर पुरुषाने आचरणात आणला होता. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस १८८६ साली एडिंबरोच्या जुन्या, गर्दीच्या आणि दरिद्री भागात मुद्दाम राहावयास गेले. तेथील पडीक, उकिरड्यासारख्या जागा साफ करून त्यांनी व त्यांची कन्या नोरा यांनी बागा उभ्या केल्या. पुढे १९१९ साली हेच गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. हृदय, हात आणि डोके या तिघांनी मिळून शिक्षण होते, असा त्यांचा आग्रह असे.

येथे एक आक्षेप पुढे येतो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. श्रमिक पालक विचारतो, ‘माती तर मुलगा घरीही उकरतो. शाळेत त्याने अक्षर शिकावे. तुम्ही पुन्हा त्याच्या हातात कुदळच देणार काय?’ ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांच्या या प्रश्नात न्याय आहे. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना मांडली, त्या शिक्षणालाही हीच शंका घेरून राहिली. हाताचे शिक्षण गरिबांच्या मुलांसाठी आणि पुस्तकाचे शिक्षण इतरांसाठी, अशी विभागणी ज्या क्षणी मनात होते, त्या क्षणी ते शिक्षण राहत नाही. ती वेठ होते.

तेव्हा शिक्षण कोणते आणि वेठ कोणती, हे ओळखण्याच्या दोन कसोट्या आहेत. पहिली ही की, काम करणाऱ्या मुलाने काही मोजले काय, ताडून पाहिले काय, प्रश्न विचारला काय? केवळ पाण्याच्या कळश्या वाहिल्या असतील किंवा उत्सवाच्या आदल्या दिवशी देवळाचे आवार झाडले असेल, तर त्याला श्रमदान म्हणावे, शिक्षण म्हणू नये. दुसरी कसोटी अधिक कठीण आहे. तेच काम महाजनांच्या घरची मुले त्याच रांगेत उभी राहून करतात काय?

पाबळ येथील विज्ञान आश्रमाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन आणि एका मोठ्या कंपनीतील संशोधनकार्य सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील या अवर्षणग्रस्त गावात आश्रम स्थापिला. ग्रामीण शाळेतील आठवी ते दहावीच्या मुला-मुलींनी आठवड्यातून एक दिवस हातांनी काम करावे, अशी त्यांची योजना होती. त्यात शेती व पशुपालन, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य आणि अभियांत्रिकी अशी चार अंगे होती. विशेष असे की, मुलांचे काम गावाच्या उपयोगी पडावे, ही त्यांची अट होती. मुलाने तपासलेल्या मातीचा अहवाल ज्या दिवशी शेतकरी वाचतो, त्या दिवशी मुलाची गावातील जागा बदलते. मग तो केवळ राबणारा राहत नाही, जाणता होतो.

आता प्रश्न देवस्थानांचा. महाजनसंस्थेने या कामात का पडावे? कारण, ज्या काळी पर्यावरण हा शब्दही नव्हता त्या काळी देवस्थानांनी राया राखल्या. देवाच्या राईतील वाळलेली काटकीही घरी नेऊ नये, असा दंडक कित्येक गावांत होता. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा या जुन्या श्रद्धेने किती वृक्षधन वाचविले ते जगापुढे आले. चोर्ला घाट उतरून सत्तरीत गेले की नानोडे-बांबर येथे निरंकाराची राई लागते. जायफळाच्या कुळातील वृक्ष तेथे दलदलीत उभे आहेत आणि श्वास घेण्यासाठी त्यांची मुळे गुडघ्यासारखी चिखलाबाहेर आलेली आहेत. गोव्यातील हा दुर्मिळ ठेवा देवाच्या नावाने राहिला.

परंतु त्याच श्रद्धेच्या नावाने राया तुटल्या आहेत, हेही प्रांजळपणे मान्य करावयास हवे. सभामंडप वाढवावयाचा, मोटारींना जागा करावयाची, आवारात फरशी घालावयाची, यासाठी जुने वृक्ष पडले. जीर्णोद्धाराच्या खर्चासाठीही काही ठिकाणी राईचे लाकूड विकले गेले. ज्या देवाने राई राखली त्याच्याच घरासाठी ती गेली! फरशीवर पडलेला पाऊस मातीत मुरत नाही आणि फरशीवर वाढलेल्या मुलाला मातीचा वास ठाऊक होत नाही.

म्हणून ज्या देवस्थानापाशी राई उरली आहे त्याने तिचा एक कोपरा, आणि जेथे ती उरली नाही तेथे दोन गुंठे मोकळी जमीन, गावातील शाळेच्या मुलांना द्यावी. इमारत नको, नामफलकही नको. मुलांनी तेथे करावयाच्या गोष्टी फार साध्या आहेत. एक सरळ अंगाची बाटली घ्यावी. वरचा निमुळता भाग कापून उलटा बसविला की नरसाळे होते. तळ सपाट नसतो म्हणून थोडे पाणी घालून तेथे शून्याची खूण करावी आणि बाहेरून पट्टी चिकटवावी. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजून लिहावा. मग गणित आपोआप येते. देवळाचे छप्पर २०० चौरस मीटर आणि एका दिवसाचा पाऊस २५ मिलीमीटर असेल, तर पन्हाळीतून ५,००० लिटर पाणी गेले. कोठे गेले, हा प्रश्न मूलच विचारील. गाठी मारलेल्या दोरीने विहिरीचे पाणी दरमहा मोजावे, म्हणजे वैशाखात ते किती हात खाली जाते ते डोळ्यांना दिसेल. जांभळाच्या बिया खाल्ल्यापासून दहा-पंधरा दिवसांत पेराव्यात, कारण त्या वाळल्या की उगवत नाहीत. ही गोष्ट कित्येक आज्यांना ठाऊक असते, नातवंडांच्या पुस्तकात असतेच असे नाही.

या सर्वांची एक वही असावी. रानभाज्यांची, झाडांची, किड्यांची नावे त्या मुलांच्या घरी जशी बोलली जातात तशीच तीत लिहावीत. हा सीमाभाग आहे. मराठी नावाशेजारी कन्नड नावही येऊ द्यावे. झाडाला दोन नावे असली तर त्याची सावली कमी होत नाही.

बेळगुंदीच्या मुलांना भूगोलही येथेच शिकता येईल. जवळच्या राकसकोप जलाशयात मार्कंडेय नदीचे पाणी अडविले आहे आणि ते बेळगाव शहराची तहान भागवते. तीच नदी पुढे गोडचिनमलकीच्या धबधब्यावरून उडी घेते, घटप्रभेला मिळते आणि कृष्णेबरोबर पूर्वसमुद्राला जाते. शेजारच्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वळते, तर त्याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्याकडे उतरते. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील नद्यांनी केलेला कहर मोठ्यांच्या स्मरणात आहे. शहराला पाणी पाजणारा मुलूख ज्यांचा आहे, त्यांच्या मुलांना त्या पाण्याचा हिशेब आला पाहिजे.

शेवटी एक गोष्ट. महाजनांच्या नोंदवहीत कुळे, गोत्रे आणि नावे पिढ्यान्पिढ्या लिहिलेली असतात. राईत येणाऱ्या बहुतेक मुलांची नावे त्या वहीत नसतील. त्यांच्या आजे-पणज्यांनी मात्र पालखीपुढे दिवट्या धरल्या, ढोल वाजविले, पालखीची वाट झाडून काढली. ज्यांनी इतकी वर्षे सेवेकरी म्हणून देवाच्या आवारात पाऊल ठेवले, त्यांच्या नातवंडांनी तेथे विद्यार्थी म्हणून यावे आणि महाजनांच्या नातवंडांनी त्यांच्याकडून अळंबीची जागा शिकून घ्यावी. मुलांची पावसाची वही महाजनांच्या नोंदवहीशेजारी, देवस्थानच्या त्याच कपाटात ठेवली गेली, तर हा मेळावा सार्थकी लागला असे म्हणता येईल.

तशी सुबुद्धी सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.