जुन्या मोटारीची पारख

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही म्हण ज्या काळीं रूढ झाली त्या काळीं मोटारी नव्हत्या. नाहीं तर जुनी मोटार विकत घेण्याचाही तींत समावेश झाला असता. एस्. यू. व्ही. या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या उंच, दणकट गाड्यांशीं नाशिक शहराचा तर घरोबाच आहे. बोलेरो २००० सालीं व स्कॉर्पिओ २००२ सालीं बाजारांत आली, आणि या दोन्ही गाड्या नाशिकच्या कारखान्यांत तयार झालेल्या आहेत. नवी गाडी परवडत नाहीं अशा पुष्कळ कुटुंबांची नजर साहजिकच जुन्या गाडीकडे वळते.

समजा, गंगापूर रस्त्यावर राहणारें एक कुटुंब अशी गाडी घेऊं इच्छितें. रोजचें जाणें-येणें मुलांची शाळा आणि बाजार एवढेंच. वर्षांतून तीन-चार वेळां मुंबईस जावयाचें. दलाल त्यांना चार-पांच वर्षांपूर्वींची एक डिझेल गाडी दाखवितो आणि सांगतो, "गाडी शहराबाहेर फारशी गेलेलीच नाहीं!" ऐकणाऱ्यास हा गुण वाटतो. वस्तुतः येथेंच सावध व्हावयास पाहिजे.

१ एप्रिल २०२० पासून देशांत 'भारत स्टेज सहा' हे धुराविषयींचे कडक नियम लागू झाले. तेव्हांपासून डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गांत काजळी अडविणारी एक गाळणी असते. सांठलेली काजळी वेळोवेळीं जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठीं सुमारें ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. हमरस्त्यावर सलग धांवणाऱ्या गाडींत हें काम आपोआप पार पडतें; परंतु दहा मिनिटांच्या फेऱ्यांत तें अर्धवट राहतें आणि गाळणी तुंबत जाते. शिवाय अशा फसलेल्या प्रयत्नांत थोडें डिझेल इंजिनाच्या तेलांत उतरतें. म्हणून तेल मोजण्याची पट्टी ओढून पाहावी. तेल वरच्या खुणेच्याही वर चढलें असेल आणि त्यास डिझेलचा वास येत असेल, तर तेल भरपूर आहे म्हणून समाधान मानूं नये. तो रोगाचा पुरावा आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. गाडी किती धांवली, यापेक्षां ती कशी धांवली हें महत्त्वाचें. आणि आपल्या घरीं ती कशी धांवणार, हें त्याहूनही महत्त्वाचें. निफाडचा जो बागायतदार दर आठवड्यास मुंबईची वाट चालतो, त्यास डिझेल गाडी इमानानें साथ देईल. शहरांतल्या फेऱ्यांपुरती गाडी हवी असणाऱ्यास मात्र पेट्रोलच हितावह. जड गाडीस पेट्रोल अधिक लागतें हें खरें. पण वर्षाची धांव थोडी असल्यास तो खर्च एका मोठ्या दुरुस्तीपेक्षां सुसह्य ठरतो.

प्रत्यक्ष परीक्षा सकाळीं, गाडी थंड असतांना करावी. प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. तें ऊन लागल्यास गाडी आधींच चालवून ठेवली आहे असें समजावें. सुरू करतांच निळसर धूर येत राहिला तर इंजिन तेल जाळीत आहे. काळा धूर निघाला तर इंधन पुरतें जळत नाहीं. मग जाणत्या कारागिरास बरोबर घेऊन कसारा घाट चढून पाहावा. सपाट रस्त्यावर लपलेली क्लचची घसर आणि रेडिएटरची अशक्तता घाटांत उघडी पडते.

गोदावरीच्या पुराचें मान नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून सांगतात. गाडीनें पाहिलेल्या पुराचें मान सीटबेल्ट सांगतो. तो शेवटपर्यंत ओढावा. बाहेरचा भाग धुतलेला असतो, पण आंत गुंडाळलेल्या टोकावर चिखलाचा डाग राहून जातो. किलोमीटरचा आंकडा मागें फिरवितां येतो. पॅडलचें झिजलेलें रबर पुन्हां नवें दिसत नाहीं. टायरवर चार अंकी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. एवढ्यावरूनही सांगितलेली हकीकत पडताळून पाहतां येते.

शेवटीं कागदपत्रें. गाडीवर कर्ज असल्यास तें फिटल्याची नोंद झाली आहे कीं नाहीं तें पाहावें. राज्यांतल्या राज्यांत विक्री झाल्यास विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावें, असा कायदा आहे. नोंदणींत ज्याचें नांव, त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें. तेव्हां या कामीं आळस दोघांनाही घातक आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यांतील किती उरलीं, हेंही किंमत ठरवितांना मोजावें.

एवढ्या तपासणीस एक सकाळ पुरते. ती सकाळ देण्यास जो विक्रेता कां-कूं करतो, त्याचा निरोप घ्यावा. आणि गाडी पसंत पडली तरी हाताशीं असलेली सर्व रक्कम किंमतींत घालूं नये. टायर, बॅटरी आणि पहिली दुरुस्ती यांसाठीं कांहीं भाग बाजूस काढून ठेवावा. जुन्या गाडीचा पहिला पावसाळा त्यावरच सुखाचा जातो.