चार प्रांतांचं राज्य



बडोदा राज्य म्हटलं की आपल्याला लक्ष्मीविलास राजवाडा आठवतो. पण राज्याचा सारा यायचा तो खेड्यांतून, आणि ती खेडी सलग मुलखात नव्हती. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली असे चार प्रांत होते. कडी उत्तर गुजरातेत, नवसारी नर्मदेच्या दक्षिणेला, अमरेली काठियावाडात. आणि द्वारकेचं ओखामंडळ तर पार पश्चिमेच्या टोकाला. बडोद्याहून अमरेलीला बदली झालेल्या कारकुनाला वाटेत इंग्रजांचा मुलूख लागे, दुसऱ्या संस्थानांच्या हद्दी लागत, आणि मग पुन्हा गायकवाडी सुरू होई.

हा नकाशा कोणी बसून आखलेला नव्हता. पिलाजीराव गायकवाडांनी सोनगडला ठाण मांडलं, दमाजीरावांनी पाटण गाठलं. पुढे पेशव्यांशी वाटण्या झाल्या, इंग्रजांशी तह झाले. या साऱ्यातून जे हाती उरलं, त्याचंच राज्य झालं.

असा विखुरलेला मुलूख राखायचा, तर कारभाराची घडी चोख हवी. ती बसवली १८७५ साली दिवाण म्हणून आलेल्या सर टी. माधवरावांनी. शेतसारा ठेक्याने वसूल करण्याची इजारदारी मोडली. प्रांतावर सुभा आणि महालावर, म्हणजे तालुक्यावर, वहिवाटदार, अशी उतरंड पक्की झाली. सुभा म्हणजे आजचा कलेक्टर, वहिवाटदार म्हणजे मामलेदार. खेडुताच्या लेखी सरकार म्हणजे वहिवाटदाराची कचेरी. आणि लांबचा प्रांत म्हणून तो मागे पडला असंही नाही. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये केला तो राजधानीत नव्हे, अमरेलीकडच्या गावांत. सगळ्या राज्याला तो लागू झाला १९०६ साली.

१ मे १९४९ ला बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं आणि चार प्रांतांची वाटणी सुरू झाली. पेटलाद आज आणंद जिल्ह्यात आहे, सोनगड तापी जिल्ह्यात, कोडीनार गीर सोमनाथमध्ये. लाखकामाच्या फर्निचरसाठी नावाजलेलं आपलं संखेडाच घ्या. ओरसंगेच्या काठचं हे गाव जागचं हललं नाही. पण गायकवाडीतून ते मुंबई राज्यात गेलं, १९६० ला गुजरातेत आलं आणि २०१३ पासून छोटाउदेपूर जिल्ह्यात आहे. त्याआधी १९९७ मध्ये वडोदरा जिल्ह्यातला तिलकवाडा नर्मदा जिल्ह्याला जोडला गेला होता.

वडोदरा जिल्हा लहान झाला म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. आज छोटाउदेपूर जिल्ह्यात असलेल्या कवांटच्या आदिवासी शेतकऱ्याला कलेक्टर कचेरीतल्या एका कामासाठी शंभरएक किलोमीटरवरच्या वडोदऱ्याला यावं लागे. अख्खा दिवस जाई, मजुरी बुडे. कचेरी जवळ आली, हे चांगलंच झालं.

आता एक विनंती. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे राज्याच्या नोकरीत या महालांतून फिरले. घरात जुनी सनद, बदलीचा हुकूम, जमिनीचा कागद असेल, तर त्यावरचा महाल आणि प्रांत नीट वाचा, आणि तो महाल आज कोणत्या जिल्ह्यात मोडतो ते शोधून वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. पुढची पिढी शोध घ्यायला निघेल, तेव्हा नुसत्या ‘बडोदा’ या नावावर तिला काही सापडणार नाही.