डब्यातली भाकरी परत का येते?



कामगारांच्या सभेत मी पगारावर बोलतो. आज जेवणावर बोलावयाचे आहे. पण हे दोन विषय मला कधी वेगळे वाटले नाहीत. १९५७ साली दिल्लीस पंधराव्या भारतीय श्रमपरिषदेत किमान वेतनाचा हिशेब ठरला, तेव्हा प्रौढ माणसाला दिवसाला २७०० कॅलरी धरल्या होत्या. मी सातवीपर्यंत शिकलेला. कॅलरी हा शब्द त्या ठरावावरूनच शिकलो. त्या आकड्यावर आम्ही मालकांशी भांडत आलो. आणि आता आमच्याच आंदर मावळात मुलीचा डबा भरलेला परत येतो!

गेल्या लावणीच्या दिवसांत टाकव्याकडचा एक सभासद माझ्याकडे आला. मला वाटले, पतपेढीच्या कर्जाचे काम असेल. म्हणाला, "दादा, पोरगी जेवत नाही." सोमवार, गुरुवार, शनिवार उपास, उरलेल्या दिवशी "मैत्रिणीकडे खाल्लं." आजीला कौतुक, की पोर देवाला लागली. मग ती खाचरात चक्कर येऊन पडली. बघायला आलेल्यांपैकी कोणी म्हणाले होते, "मुलगी जरा अंगाने भरलेली आहे." तिला लहानपणी 'भोपळा' म्हणून हाक मारणारांत मीही होतो, हेही येथे सांगितले पाहिजे.

नाडी मंद, पाळी थांबलेली, रक्तातले पोटॅशियम उतरलेले. जेवलेच तर मोरीत जाऊन ओकत असे, हे तेव्हा कळले. पोटॅशियम फार उतरले की हृदयाचा ठोका चुकतो आणि माणूस उभ्या उभ्या जाऊ शकतो. आईने साजूक तुपातला शिरा आणला, तो डॉक्टरांनी परत पाठवला. फार दिवस उपाशी असलेल्या देहाला एकदम भरपूर अन्न दिले तर रक्तातला फॉस्फरस झपाट्याने घटतो. तेही जिवावर बेतते. जेवण हळूहळू, तपासण्या करीत वाढवावे लागते.

आमच्यातला एकजण म्हणाला, "पोटं भरली, म्हणून ही थेरं." मला ते पटले नाही. १९४५ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे निम्म्या आहारावर ठेवले होते. सुमारे १५७० कॅलरी. ते चिडचिडे झाले, कुढू लागले, उन्हाळ्यात कुडकुडू लागले, स्वयंपाकाची पुस्तके जमवू लागले. म्हणजे उपासमार मनालाही धरते. (मी उपोषणाला बसलो होतो, तेव्हा चौथ्या दिवशी मला मागण्यांऐवजी पिठले दिसत होते.) मग आधीच मनाने खचलेली पोर "खा गं" म्हणून दटावल्याने कशी सुटावी? तिला मनाचे डॉक्टर लागतात. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

आणि बारीक व्हा म्हणून सांगावयाचे तरी कोणाला? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघाले.

ती मुलगी अजून औषधपाण्याखाली आहे. बाप पाळी बदलून घेऊन रात्री तिच्यासोबत जेवायला बसतो. वजनाचे कोणी बोलत नाही. परवा गेलो, तर ताटात वाटीभर इंद्रायणीचा भात होता. निम्मा गेला, निम्मा राहिला.