सापाच्या पानात काय वाढावे?

नागपंचमीच्या दिवशी जबलपूरच्या गल्ल्यांतून वर्षानुवर्षे पुंगीचे सूर ऐकू येत. गारुडी टोपलीचे झाकण उघडी, नाग फणा काढी आणि गृहिणी भाविकपणे दुधाची वाटी पुढे करी. नाग ते दूध पिई. पाहणाऱ्यांना धन्यता वाटे.

परंतु त्या पिण्यामागील कारण मोठे करुण असे. सणापूर्वी कित्येक दिवस त्या नागाला पाण्यावाचून कोंडलेले असे. तहानेने व्याकूळ झालेला जीव समोर येईल तो द्रव पिई. सर्प हा सस्तन प्राणी नव्हे. दूध पचविण्याची सोय त्याच्या देहात नाही. ते फुप्फुसांत शिरले, तर मृत्यूच ओढवतो.

भक्तीने दिलेल्या अन्नाची ही गत, तशीच हौसेने दिलेल्या अन्नाचीही होते. अमेरिकेत गार्टर नावाचा, माणसाला निरुपद्रवी असा लहानसा साप पुष्कळजण पाळतात. तलावाकाठी आढळणाऱ्या आपल्या दिवडाचा हा दूरचा भाऊबंद. बेडूक, मासे व गांडुळे हे त्याचे नैसर्गिक अन्न. पाळणारा बाजारातून गोल्डफिश आणतो आणि साप ते आवडीने गिळतो. पण या माशात थायामिनेज नावाचे एक द्रव्य असते व ते ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते. हाच आहार चालू राहिला, तर सापाचा तोल जातो, त्याला झटके येतात आणि अखेर तो दगावतो. ट्राउट किंवा गप्पी या माशांपासून हे भय नाही.

केवळ माशाचे मांसही पुरेसे नव्हे. अख्ख्या भक्ष्याच्या हाडांतून कॅल्शियम मिळते, यकृतातून अ जीवनसत्त्व मिळते. म्हणून मासे, गांडुळे व लहान उंदीर आलटून पालटून देतात. उंदीर जिवंत देत नाहीत, कारण तो सापालाच चावतो. खतासाठी वाढविलेली तांबडी गांडुळे वर्ज्य मानली जातात. पिलांना आठवड्यातून दोनदा व मोठ्या सापांना साधारणतः एकदा खाणे पुरते. जेवणानंतर ऊब हवी. थंडीत सापाचे पचन मंदावते आणि गिळलेले भक्ष्य पोटातच कुजू लागते. स्वच्छ पाणी मात्र सदैव जवळ असावे लागते.

भारतात नाग, धामण, दिवड यांसारखे साप पकडणे वा बाळगणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. मग त्यांना खाऊ घालण्याची इच्छा असणाऱ्याने काय करावे? उत्तर जबलपुरातच आहे. हे तलावांचे नगर. राणीताल राणी दुर्गावतीने बांधविला व आधारताल तिचा मंत्री आधारसिंह याने, असे सांगतात. नगरातील कित्येक तलाव पुढे बुजले किंवा आक्रसले. तलाव बुजतो तेव्हा बेडूक जातात, मासे जातात आणि दिवड उपाशी राहतो. उरलेले तलाव स्वच्छ व भरलेले राखले, म्हणजे त्याचे पान आपोआप वाढले जाते. त्यासाठी दुधाची वाटी लागत नाही.