एका पंगतीला बसूया

हैदराबादच्या काचीगुडा, सुलतान बाजार भागांत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथं ताटात वरण-भाताशेजारी गोंगुऱ्याची पच्चडी सहज येते. पण हायटेक सिटीतल्या शिफ्टमुळे कोणी नऊला जेवतं, कोणी मध्यरात्री, तेही मोबाइल बघत.

१९१८ साली कुन्नूरला सुरू झालेली आणि १९५८मध्ये हैदराबादला आलेली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, की ताटातला निम्मा भाग भाज्या-फळांचा असावा. पण मुलांना तक्ता दाखवून हे थोडंच पटतं? एकत्र जेवताना आजोबा कारल्याची भाजी पुन्हा मागून घेतात, तेव्हा नात नाक मुरडत का होईना, चाखून बघते. शिवाय मोबाइलच्या पडद्यावर डोळे असले की पोट भरल्याचंही कळत नाही.

रोज जमत नसेल, तर रविवारचं जेवण तरी एकत्र घ्या; फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा.