तो तास मुलाचा आहे



किशोरवयीन मुलांची समुपदेशक म्हणून काम करताना पालकांचा एक प्रश्न मला हमखास ऐकू येतो. कधी पहिल्या फोनवरच, कधी मूल खोलीबाहेर गेल्यावर हळू आवाजात. "मॅडम, तो आत काय बोलतो ते आम्हाला सांगाल ना?" या प्रश्नात काळजी असते, भीती असते आणि हक्कही असतो. मुलाच्या थेरपीकडून पालकांनी काय अपेक्षा ठेवावी, हे सारं या एका प्रश्नाशी येऊन मिळतं. म्हणून आज मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

आधी, थेरपीची गरज कोणाला असते? बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. पन्नास मुलांच्या वर्गात ही तीन-चार मुलं झाली. उलट उत्तरं देणं, खोलीचं दार लावून बसणं या वयात असतंच. पण झोप बिघडली, जेवण तुटलं, जिवलग मित्र दुरावले, आवडता खेळ सुटला, शाळेच्या वेळी रोज पोट दुखू लागलं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर तज्ज्ञांकडे जा. हातावर ब्लेडच्या खुणा दिसल्या किंवा "मी नसले तर बरं होईल" असं मूल म्हणालं, तर एक दिवसही वाट पाहू नका.

जायचं कोणाकडे? मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषध ते देतात. थेरपीसाठी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशक असतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. शिक्षण काय, नोंदणी आहे का, या वयाच्या मुलांबरोबर किती काम केलं आहे, हे नि:संकोच विचारा. चांगल्या तज्ज्ञाला या प्रश्नांचा राग येत नाही.

पहिल्या भेटीत आम्ही बहुधा पालकांशीही बोलतो. मुलाचं लहानपण, घरातले ताण, आजारपणं, शाळा हे सारं समजून घेतो. त्यानंतरची सत्रं मुलाची. साधारण आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तास. आत उपदेश चालत नाही. मुलाच्या मनात काय चाललंय ते त्याला नीट पाहता यावं, यासाठी आम्ही मदत करतो. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली; आपल्याकडचे अनेक समुपदेशक तिचा वापर करतात. समजा, एका मुलीला सहामाहीत गणितात कमी मार्क पडले. ही झाली घटना. "म्हणजे मी कुचकामी, आता आईबाबांना तोंड कसं दाखवू" हा तिने त्या घटनेचा लावलेला अर्थ. हा अर्थ खरा आहे का, त्याला पुरावा काय, हे तिने स्वतः तपासायला शिकायचं असतं. त्यासाठी तिला घरी करायला छोटी कामंही दिली जातात.

हे काम मोकळेपणाशिवाय होत नाही. आपण बोललो ते रात्री जेवणाच्या ताटावर निघणार, अशी शंका आली की मूल तुम्हाला आवडेल तेवढंच आम्हाला सांगतं. मग तासामागून तास जातात आणि हाती काही लागत नाही. म्हणून गोपनीयता हा उपचाराचाच भाग आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही ती रुग्णाचा हक्क मानली आहे.

पण या गोपनीयतेला सीमा आहेत आणि त्या आम्ही पहिल्याच दिवशी मुलाला आणि पालकांना समोरासमोर सांगतो. मुलाच्या जिवाला धोका असेल, ते दुसऱ्या कोणाला इजा करण्याच्या विचारात असेल, तर तुम्हाला कळवलं जाईल. लैंगिक अत्याचार समोर आला, तर 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. याशिवाय उपचार कुठल्या दिशेने चालले आहेत, मुलात काय फरक पडतोय, घरी काय बदलायला हवं, हे आम्ही वेळोवेळी सांगतो. काळजी घेण्यासाठी लागेल ते सगळं तुम्हाला मिळेल. मुलाच्या मैत्रिणीचं नाव मिळणार नाही.

आता गुण किती दिवसांत येईल? अमेरिकेत 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नैराश्य असलेल्या 12 ते 17 वर्षांच्या 439 मुलांना वेगवेगळे उपचार दिले होते. बारा आठवड्यांनी औषध आणि थेरपी दोन्ही मिळालेल्यांपैकी 71 टक्के मुलं चांगली सुधारली. नुसत्या औषधावर सुमारे 61 टक्के, नुसत्या थेरपीवर 43 टक्के. यातून दोन गोष्टी घ्या. डॉक्टरांनी औषध सुचवलं तर घाबरून नाकारू नका. आणि सर्वांत चांगल्या उपचारानंतरही बारा आठवड्यांत दहातली तीन मुलं पुरेशी सुधारली नव्हती, तेव्हा चौथ्या सत्राला "काही फरक नाही" म्हणून थेरपी बंद करू नका. सुरुवातीला मूल जास्त रडेल, जास्त भांडेल. साठलेलं बाहेर येताना असं होऊ शकतं. तेव्हा थेरपिस्टशी बोला, पण आणणं थांबवू नका.

घरातल्या काही गोष्टी मात्र फक्त तुमच्या हातात आहेत. परतताना रिक्षात "आज काय विचारलं?" असं खोदू नका. "असं वागलास तर मॅडमना सांगेन" ही धमकी देऊ नका. "एवढे पैसे मोजतोय" हे मुलाला ऐकवू नका. नातेवाइकांत चर्चा करू नका. दहावीचं वर्ष आहे म्हणून सत्रं बुडवू नका. क्लास बुडाला तर भरून काढता येतो. आणि आम्ही तुम्हाला भेटायला बोलावलं, तर आईइतकंच बाबांनीही या. तुलना थांबवा, बोलण्याचा सूर बदला असं आम्ही सुचवलं, तर तो तुमच्यावरचा ठपका समजू नका. घर बदलतं तेव्हा मुलाचं बरं होणं टिकतं.

श्रोतेहो, पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर स्पष्ट आहे. तो तास मुलाचा आहे. उरलेला आठवडा तुमचा. त्या आठवड्यात मुलाशी मार्कांखेरीज काही बोला, आणि ते बोलेल तेव्हा मध्येच न तोडता ऐका. मदत कुठे मागावी हे सुचत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा नि:शुल्क क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो आज घरी जाऊन लिहून ठेवा, आणि गरज पडली तर लोक काय म्हणतील याचा विचार न करता फिरवा.