वाट्यांची आळी

इंग्लंडात यॉर्क नावाचे जुने शहर आहे. तिथं कॉपरगेट हा एक रस्ता. कॉपरगेट म्हणजे लाकडी वाट्या करणाऱ्यांची आळी.

तिथं नवी दुकानं बांधायची ठरली. पाया खणला की खालचं जुनं सारं जाणार. म्हणून जाणत्या लोकांनी आधी, १९७६ ते १९८१ या काळात, हलक्या हाताने माती उकरली.

हजार वर्षांपूर्वीची कुडाची घरं निघाली. चामड्याचे जोडे, शिंगाच्या फण्या आणि लाकडी वाट्याही निघाल्या! ओल्या मातीत हवा शिरली नव्हती, म्हणून लाकूड कुजलं नाही. सुमारे ४०,००० वस्तू मिळाल्या.

राजांची नावं पोथीत असतात. कारागिराची हकिगत मातीत असते. ती एकदाच वाचता येते. तेव्हा पाया खणताना जुनी वस्तू दिसली, तर कुदळ थांबवा. पंचायतीत कळवा.